राहू, थेलीस आणि विजयदुर्गचा साहेब

ग्रहण लागले की कोकणातल्या घरातून पूर्वी परात निघायची. तीत ओंजळभर पाणी आणि मधोमध उभे केलेले मुसळ. त्याला कोणी हात लावायचा नाही. ग्रहण आहे तोवर मुसळ आपोआप उभे राहते आणि मोक्ष झाला की आडवे होते, अशी सगळ्यांची खात्री. पाण्याच्या हंड्यावर, दुधावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पाने पडलेली. पोटुशी सून आतल्या खोलीत, तिने विळीला हात लावायचा नाही. मुले उंबरठ्याकडे सरकली की आजी ओरडायची, "गिराण लागला हा, भायर जाव नको!" आणि रस्त्यावरून आरोळी ऐकू यायची, "दे दान, सुटे गिराण!"

मुसळ खरेच उभे राहते. त्याचे बूड सपाट, त्यावर लोखंडी कडे बसवलेले. लाकूड सरळ असले आणि परातीचा तळ सपाट असला की थोड्या खटपटीने ते उभे राहतेच. पण ते ग्रहण नसलेल्या मंगळवारीही उभे राहते. हे कळायला कुठलेही यंत्र लागत नाही, ग्रहण नसताना परात काढावी लागते एवढेच. इतक्या पिढ्यांत एखाद्या व्रात्य नातवाने ती काढलीही असेल. मात्र त्याला जे दिसले ते चारचौघांत बोलून दाखवण्याची, "आजी, हे आजही उभे आहे" असे म्हणून पाठीत धपाटा न खाण्याची सोय घरात नव्हती. या प्रकरणाचा विषय ती सोय आहे. माणसाला अक्कल कधी आली हा प्रश्न इथे नाही, अक्कल पहिल्यापासून होती. मोठ्यांचे म्हणणे त्यांच्यासमोर तपासायचे आणि तरीही त्यांच्या पंगतीला बसायचे, ही रीत कुठे रुजली ते पाहायचे आहे.

तिचा जुना आणि बऱ्यापैकी माहीत असलेला एक पत्ता आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मायलेटस नावाचे ग्रीक बंदर होते. चार गोद्या, काळ्या समुद्राच्या काठाने वसवलेल्या कितीतरी वसाहती, इजिप्तशी व्यापार, पाठीशी लिडियाचे श्रीमंत राज्य. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथल्या धक्क्यावर धान्य, लोकर, तेल उतरायचे आणि त्याबरोबर निरनिराळे देवही उतरायचे. वेंगुर्ले, मालवण, राजापूर ही बंदरे ज्यांनी चालती पाहिली त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही. इथेही अरब, डच, पोर्तुगीज आले, आणि दुसऱ्या कुणाचा तरी देव निराळा आहे हे घाटावरच्या माणसाआधी किनाऱ्यावरच्या माणसाला समजले. मायलेटसचे पुढे राजापूरसारखेच झाले. नदीच्या गाळाने गोद्या बुजल्या आणि आज ते अवशेष समुद्रापासून काही किलोमीटर आत, शेतांच्या मधे पडलेले आहेत.

या बंदरात थेलीस राहत होता. त्याने लिहिलेली एक ओळही उरलेली नाही. जे कळते ते दुसऱ्यांच्या तोंडून, आणि त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट ग्रहणाचीच आहे. लिडिया आणि मीड लोक यांची लढाई चालू असताना भर दिवसा अंधार पडला, दोन्ही सैन्यांनी शस्त्रे टाकली आणि तह झाला. हा अंधार पडणार हे थेलीसने आधीच सांगून ठेवले होते, असे हिरोडोटस लिहितो. आजच्या गणिताने ते ग्रहण इ.स.पू. ५८५ च्या २८ मे रोजीचे मानतात. तत्त्वज्ञानाच्या अनेक इतिहासांत याच दिवशी बुद्धीचा सूर्य उगवला असे लिहिलेले असते. ग्रहणाच्या दिवशी सूर्य उगवल्याची प्रतिमा लेखकांना आवरत नाही.

गोष्ट सुरेख आहे, पण ती खरी असण्याची शक्यता कमी. हिरोडोटसने ती लिहिली तेव्हा लढाईला सव्वाशे-दीडशे वर्षे होऊन गेली होती. शिवाय तो म्हणतो की थेलीसने वर्ष सांगितले होते. दिवस सांगितल्याचे तो म्हणत नाही. एखाद्या ठरावीक जागी सूर्यग्रहण दिसेल की नाही हे काढायला चंद्राची गती, त्याचे अंतर आणि पृथ्वीचा आकार यांची बरीच नेमकी माहिती लागते. ती त्या काळी कोणापाशीच नव्हती, बाबिलोनच्या ज्योतिषांपाशीही नाही. तेव्हा पुराणकथांतून बाहेर पडण्याचा पहिला दिवस म्हणून जो सांगितला जातो, तो स्वतःच पुराणकथा असण्याचा संभव मोठा. हे लक्षात ठेवू. पुढे आपल्याच तालुक्यात ते कामी येणार आहे.

मग थेलीसचे श्रेय काय? त्याच्या आधीही ग्रीकांपाशी उत्तरे होती. भूकंप का होतो? समुद्रदेव पोसायडन रागावतो म्हणून. इंद्रधनुष्य म्हणजे आयरिस ही देवांची दूती. हेसिअडने इ.स.पू. ७०० च्या सुमारास देवांची सगळी वंशावळ लावून दिली होती आणि तीही एक प्रकारची व्यवस्थाच होती. वंशावळ लावणारा मनुष्य गोंधळलेला नसतो. थेलीस म्हणाला, पृथ्वी पाण्यावर तरंगते आणि खालचे पाणी हलले की ती हलते, म्हणून भूकंप. हे उत्तर पूर्ण चुकीचे आहे. पण पोसायडनच्या रागाला उलटा प्रश्न विचारता येत नाही आणि पाण्याला विचारता येतो: पृथ्वी पाण्यावर, तर पाणी कशावर?

हा प्रश्न त्याच्याच गावातल्या पुढच्या पिढीच्या अ‍ॅनॅक्सिमँडरने विचारला असावा, कारण त्याचे उत्तर शिल्लक आहे. पृथ्वी कशावरच नाही, असे तो म्हणाला. ती सगळीकडून सारख्या अंतरावर आहे, मग या बाजूला पडावी की त्या, याला कारणच नाही. म्हणून ती जागच्या जागी राहते. अडीच हजार वर्षांपूर्वी, दुर्बीण नाही, गुरुत्वाकर्षण माहीत नाही, आणि हा माणूस पायाखालचा आधार केवळ विचाराने काढून घेतो. शेष नको, कूर्म नको, दिग्गज नकोत. त्याच दमात तो पृथ्वीला खांबाच्या तुकड्यासारखी गोल-चपटी म्हणतो, आणि सूर्य म्हणजे आगीने भरलेले पोकळ चाक, त्याला एक भोक, ते बुजले की ग्रहण, असेही सांगतो. माणूस मूळचा माशासारख्या प्राण्यांच्या पोटात वाढला असेही त्याचे मत होते, कारण माणसाचे पोर इतकी वर्षे परावलंबी असते की पहिलीच पोरे उघड्यावर जगली नसती. प्लुटार्कच्या लेखनात असे आले आहे की मासा हा आपला बाप म्हणून अ‍ॅनॅक्सिमँडर मासे खाण्याच्या विरुद्ध होता. मालवणात या तत्त्वज्ञाला शिष्य मिळाले नसते.

तिसरा अ‍ॅनॅक्सिमिनीज. तो म्हणाला, सगळे हवेचे आहे. हवा विरळ झाली की अग्नी, दाटली की ढग, पाणी, माती, दगड. याच्यासाठी त्याने दिलेला पुरावा वाचकाने आत्ता करून पाहावा. तोंड उघडे ठेवून तळहातावर श्वास सोडा: ऊन लागतो. ओठ आवळून फुंका: गार लागतो. म्हणजे दाबलेली हवा थंड आणि मोकळी हवा गरम, असा त्याने निष्कर्ष काढला. निष्कर्ष उलटा आहे. फुंकरीचा गारवा हवा दाबली गेल्याने येत नाही. झोत आसपासची हवा ओढून घेतो आणि कातडीवरची ऊब उडवून नेतो. पण विश्व कशाचे बनले आहे या प्रश्नाची कसोटी त्याने प्रत्येकाच्या तळहातावर आणून ठेवली. मंगळवारी परात काढावी तसा हा प्रकार.

तिघांपैकी एकाचेही उत्तर टिकले नाही. टिकली ती तिघांची एकमेकांशी वागण्याची तऱ्हा. एकाच गावात, दोन-तीन पिढ्यांच्या आत, पुढचा मागच्याला म्हणतो की तुझे बरोबर नाही, मी दुसरे सांगतो. त्यासाठी कोणी कोणाला वाळीत टाकल्याची कथा नाही, आणि पुढच्याने मागच्याचे नाव पुसल्याचीही नाही. आपल्याकडे गुरूचे मत बदलायचे तर त्याच्या ग्रंथावर भाष्य लिहून, त्याला हेच म्हणायचे होते असे दाखवून बदलायचे, ही युक्ती फार जुनी. काम तीही करते, पण हळू करते, आणि चूक कुणाची होती ते कधीच नोंदले जात नाही.

मायलेटसच्या उत्तरेला कोलोफन गावी झेनोफेनीस जन्मला. देशोधडीला लागून जन्मभर गावोगाव कविता म्हणत फिरलेला हा मनुष्य या सगळ्यांत मला अधिक जवळचा वाटतो. आफ्रिकेतल्या लोकांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे. घोड्यांना हात असते तर त्यांनी घोड्यांसारखे देव काढले असते, अशी त्याची मांडणी होती. तो नास्तिक नव्हता. माणसासारखा मुळीच नसलेला एकच मोठा देव तो मानत असे. आणि त्याने डोंगरात, समुद्रापासून आत, शिंपल्यांचे ठसे पाहिले. सिसिलीतल्या सिराक्यूजच्या दगडखाणींत माशांचे आणि समुद्री शेवाळाचे ठसे सापडतात हेही त्याने टिपले. यावरून तो म्हणाला की ही जमीन एके काळी चिखल होती, समुद्राखाली होती.

कोकणची भूमी समुद्रातून वर आली हे आपल्यालाही पहिल्यापासून माहीत आहे. परशुरामाने बाण मारला आणि सागर मागे हटला. झेनोफेनीसचे उत्तर आणि हे उत्तर वरवर सारखेच: आधी पाणी, मग जमीन. फरक एवढा की बाण कुठे पडला ते खणून पाहता येत नाही आणि शिंपला दाखवता येतो. उद्या कोणी तो शिंपला जेवणाच्या पंगतीतला निघाला असे सिद्ध केले तर झेनोफेनीसचे उत्तर पडते. परशुरामाचे कधीच पडत नाही, आणि त्याचा दुबळेपणा तिथेच आहे.

आता थोडे आपल्या बाजूने बोलायला हवे. ग्रीकांनी डोळे उघडले आणि बाकी जग झोपेत होते, ही मांडणी शाळेच्या पुस्तकांतून अजून डोकावते. ती खरी नाही. किनाऱ्यावरच्या कोणाही जाणत्या तांडेलाला विचारा, आज भरती किती वाजता? तो तिथी विचारतो आणि तिची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या. पुढची भरती त्यानंतर साधारण बारा तासांनी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून पाऊण तासाचा हिशेब बेताचा जमतो. बंदराबंदराप्रमाणे थोडी कमीजास्त धरायची. या नियमात वरुण नाही, दर्याचा कोप नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावालाच असते, त्यामुळे थेलीसला असले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे अलेक्झांडरची माणसे सिंधूच्या मुखाशी आली तेव्हा पाणी एकाएकी उतरलेले आणि गलबते चिखलात बसलेली पाहून घाबरली.

पण तांडेलाचा नियम किती वाजता ते सांगतो, का ते सांगत नाही. बाबिलोनचे ज्योतिषीही असेच. शतकानुशतके मातीच्या पाट्यांवर ग्रहणे टिपून त्यांनी अठरा वर्षे अकरा दिवसांचे चक्र ओळखले होते, चंद्रग्रहणे बऱ्यापैकी वर्तवता येत होती, आणि चंद्र कशाचा आहे हे विचारल्यावाचून त्यांचे काही अडत नव्हते. मायलेटसवाल्यांचे उलट होते. त्यांच्यापाशी कारणेच कारणे आणि हिशेबाचा पत्ता नाही. हिशेब आणि कारण यांची गाठ पडली की मग विज्ञान म्हणतात तसले काही सुरू होते.

ती गाठ आपल्याकडेही पडली होती. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने सरळ लिहिले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. राहूला काम उरले नाही. सव्वाशे वर्षांनी ब्रह्मगुप्ताने यावरून आर्यभटाची खरडपट्टी काढली, राहू नाही म्हणणे वेद-स्मृतींच्या विरुद्ध आहे म्हणून. गंमत अशी की ब्रह्मगुप्त स्वतः ग्रहणाचे गणित सावलीनेच करत होता. चारशे वर्षांनी अल्बेरूनी हा मजकूर वाचून चक्रावला: इतका जाणता माणूस असे का लिहितो? त्याचा तर्क असा की लोकांना दुखवून नुकसान ओढवून घेण्यापेक्षा ब्रह्मगुप्ताने मान डोलावली.

मग त्या मान डोलावण्याचीच रीत पडली. रायगड जिल्ह्यातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ घ्या. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेऊन जुन्या ग्रंथांतले आकडे पडताळणारे, दुर्मीळ जातीचे ज्योतिषी. मुलाने शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० चा आरंभ धरून 'ग्रहलाघव' लिहिला, ज्यात ज्या-कोज्यांच्या किचकट आकडेमोडीवाचून ग्रह आणि ग्रहणे काढता येतात. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके या ग्रंथावर चालली. म्हणजे कोकणातल्या जोशीबुवांच्या हातात स्पर्श, मध्य, मोक्ष यांच्या वेळा देणारे सावलीचे गणित होते आणि त्याच पंचांगावरून ते यजमानाला राहूने ग्रासल्याचे दान सांगत होते. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे, मी म्हणणार नाही. गणित पोथीत, राहू ओसरीवर, आणि दोघांची गाठ घालून द्यायची जबाबदारी कोणावरच नव्हती.

ग्रीसमध्ये तरी सगळे सरळ झाले का? अ‍ॅनॅक्सॅगोरस मायलेटसच्याच, म्हणजे आयोनियाच्या किनाऱ्यावरून अथेन्सला आला. सूर्य हा देव नसून तापून लाल झालेला दगड आहे, पेलोपोनीजपेक्षा मोठा, असे त्याने सांगितले. चंद्राचा उजेड सूर्याकडून येतो हे त्याला कळले होते आणि ग्रहणाचे खरे कारणही त्याने मांडले. अथेन्सने त्याच्यावर देवद्रोहाचा आळ घेतला. पेरिक्लीससारखा मित्र असूनही त्याला शहर सोडावे लागले आणि तो लँप्सॅकसला जाऊन मेला. आपण ज्यांना विवेकाचे माहेरघर म्हणतो त्या लोकांनी ग्रहणाचे बरोबर कारण सांगणाऱ्याला हाकलले, आणि त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

इ.स.पू. ४१३. अथेन्सचे प्रचंड आरमार सिराक्यूजला वेढा घालून बसलेले, पण हरत चाललेले. सेनापती निकिआसने अखेर माघारीचा निर्णय घेतला. नांगर उचलायचे, तेवढ्यात २७ ऑगस्टच्या रात्री चंद्रग्रहण लागले. निकिआस भाविक होता. त्याच्या ज्योतिषांनी सांगितले, तीन नवके दिवस थांबा. सत्तावीस दिवस! तो थांबला. सिराक्यूजवाल्यांनी बंदराचे तोंड बंद केले, आरमार बुडाले, सैन्य जमिनीवरून पळताना कापले गेले, आणि किमान सात हजार कैदी दगडखाणींत कोंबण्यात आले, जिथे ऊन, थंडी, तहान आणि शेजारच्या प्रेतांनी ते महिनोनमहिने सडले. झेनोफेनीसने माशांचे ठसे नोंदवले ते याच सिराक्यूजच्या दगडखाणींत. तेव्हा अ‍ॅनॅक्सॅगोरसचे पुस्तक अथेन्सच्या बाजारात स्वस्तात मिळत असे, फार तर एका द्राख्मेला. निकिआसच्या तंबूत एखादी प्रत असती तरी त्याने ती उघडली असती असे वाटत नाही. ज्ञान गावात असणे वेगळे आणि वेळ येताच माणसाच्या हातात असणे वेगळे.

आता देवगड तालुक्यात येऊ. पोंभुर्ले गावी १८१२ मध्ये बाळशास्त्री जांभेकर जन्मले. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केला, मराठी आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांत. १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले, ज्यात भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास मराठीतून समजावून दिलेले असे. एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले. आणि याच माणसाने १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापून काढली. पुढच्याच वर्षी, पस्तिशीही गाठायच्या आत, ते गेले. पुराणाकडून विवेकाकडे जाणे म्हणजे एक घर सोडून दुसऱ्यात राहायला जाणे, असे ज्यांना वाटते त्यांनी बाळशास्त्रींच्या टेबलावर एकाच वेळी पडलेले हे कागद डोळ्यांपुढे आणावेत. त्यांच्यानंतर १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणितावरून ग्रहांची कोष्टके मराठीत आणली आणि आकाशाशी जुळणारे पंचांग हवे की परंपरेचे, हा वाद जाहीरपणे सुरू झाला. गाठ घालून द्यायची जबाबदारी आता कोणीतरी घेतली होती.

पोंभुर्ल्याच्याच तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवतात. गोष्ट अशी सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ इथे आला, या कट्ट्यांवर त्याने दुर्बिणी रोवल्या आणि सूर्यावर हेलियम वायू शोधून काढला. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, शाळेची मुले जमतात, भाषणे होतात. जगाच्या विज्ञानात आपल्या गावाचा वाटा आहे याचा अभिमान त्यात आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच थेलीसच्या गोष्टीला जो प्रश्न विचारला तो इथेही विचारायला हवा. त्यासाठी ग्रंथालयात जायचीसुद्धा गरज नाही. तिथी काढा. १८ ऑगस्ट १८६८ ही श्रावणातली अमावास्या, पिठोरी. नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडा झालेला, आकाशाचा भरवसा नाही, दर्या अजून पुरता निवळलेला नाही. सावलीचा पट्टा कोकणावरून गेला हे खरे, पण त्या दिवसांत कोणता शहाणा माणूस नाजूक भिंगांच्या पेट्या घेऊन विजयदुर्गला उतरेल? घाटापलीकडे जमखंडीला बसलेल्या इंग्रज निरीक्षकालासुद्धा ढगांनी छळले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन देश ओलांडून पूर्वेला गुंटूरला गेला होता. त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटात पसरवून पाहिला, त्यात तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्या इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण सुटल्यावर दुसऱ्या दिवशीही त्याने त्या पकडल्या. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. ग्रहणाशिवायच, २० ऑक्टोबर १८६८ ला, त्याने तिथून त्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेले पदक पाडले.

त्या रेषांत एक पिवळी होती. शिरोड्याच्या मिठागरातले चिमूटभर मीठ गॅसच्या निळ्या ज्योतीत टाका, ज्योत भडक पिवळी होते. तो सोडियमचा पिवळा. सूर्यावरची रेषा त्याच्या अगदी शेजारी, पण त्याच जागी नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची ती जागा नव्हती. मग हे सूर्यावरचे वेगळेच मूलद्रव्य असावे, असा अंदाज लॉकियरने केला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पुष्कळांना हा आचरटपणा वाटला. १८९५ मध्ये रॅमसेने युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली आणि सत्तावीस वर्षांनी अंदाज खरा ठरला.

मग साहेबाचे कट्टे? साहेब खरेच आला होता, तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला उतरला. पौषातली अमावास्या, कोरडी हवा, शांत समुद्र. ब्रिटिश आरमाराची 'मेल्पॉमिनी' ही नौका बरोबर होती आणि तिच्यावरच्या अधिकाऱ्यांना व खलाशांना त्याने निरीक्षणाच्या कामाला जुंपले: कोणी वेळ मोजायची, कोणी प्रभामंडळाचे चित्र काढायचे, कोणी काचा बदलायच्या. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, म्हणून आधी कवायतीसारख्या तालमी. लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णपटाचे फोटो घेतले गेले. या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला असून विजयदुर्गचे नाव त्याच्या मथळ्यातच आहे. त्याच ग्रहणासाठी सोलापूरकडे जेऊरला कावसजी दादाभाई नाएगमवाला पुण्याहून आपली यंत्रे घेऊन बसले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही.

गावाच्या आठवणीत १८६८ चा शोध आणि १८९८ चा साहेब एकमेकांत मिसळून गेले. कोणी खोटे बोलले नाही. दीडशे वर्षांत हिरोडोटसचेही असेच झाले होते. पण खरी गोष्ट दंतकथेहून सरस आहे असे माझे मत आहे, आणि त्याला कारण आहे. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा सापडली होती. तीही ओळखीच्या कुठल्या पदार्थाशी जुळेना, म्हणून हेलियमच्याच धर्तीवर 'कोरोनियम' नावाचे नवे मूलद्रव्य मानले गेले. तर्क तोच, धाडस तेच. १८९८ च्या भारतातल्या ग्रहणाच्या फोटोंवरून कळले की त्या रेषेची जागाच आजवर चुकीची नोंदली गेली होती. आणि १९४० च्या आसपास ठरले की कोरोनियम नावाचे काही नाहीच. ते भयंकर तापलेले, निम्मे इलेक्ट्रॉन गमावलेले साधे लोखंड आहे. एकाच पद्धतीचे दोन अंदाज: एक खरा निघाला, एक पडला, आणि पडलेला पाडण्याची पहिली पायरी त्या पौष अमावास्येच्या फोटोंतून चढली गेली.

हेलियम दिन १८ ऑगस्टलाच राहू द्यावा, तारीख जान्सेनची आहे आणि भारताच्या भूमीवरची आहे. पण किल्ल्यावरचा फलक दुरुस्त करून मुलांचा दुसरा मेळावा २२ जानेवारीला भरवायला काय हरकत? पुठ्ठ्याचे खोके, जुन्या सीडीचा तुकडा आणि एक बारीक फट एवढ्यावर वर्णपट दिसतो. जानेवारीत आकाश मोकळे असते, तटावर शेवाळ नसते, आणि घाटात दरड कोसळून एसटी अडकायची भीतीही नसते.